शकुबाईच्या सांबाराच्या वाफ्यातली स्कॉच

मी एक बाटली बोलतेय. माझी मान मोडलेली आहे, उरलेला गळा मातीत आणि बूड आभाळाकडे आहे, तेव्हा आवाज थोडा दबका आला तर सांभाळून घ्या. मुक्काम गोंडपिपरी तालुक्यातलं एक तलावाकाठचं गाव, शकुबाईचं अंगण, सांबाराचा वाफा. सांबार म्हणजे तुम्ही शहरातली माणसं जिला कोथिंबीर म्हणता ती. माझ्या डावीकडे देशी दारूचा एक पव्वा पुरलेला आहे आणि उजवीकडे खोकल्याच्या औषधाची बाटली. शेजार वाईट नाही. पव्वा अनुभवी आहे, आणि खोकल्याची बाटली कमी बोलते.

मी कुठून आले ते सांगितलं तर दोघांनाही खरं वाटत नाही. माझा स्वतःचा जन्म काचेच्या कारखान्यातला, त्यात मिरवण्यासारखं काही नाही. खानदान होतं ते माझ्या पोटातल्या व्हिस्कीचं. ती स्कॉटलंडची, सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीत नुसत्या जवापासून काढलेली. काढल्यावर तिला ओकच्या लाकडी पिंपात घालून पंधरा वर्षं अंधारात निजवलं होतं. पंधरा वर्षं काही न करता पडून राहिल्यावर किंमत वाढते, हे भाग्य दारूचं आणि शहराजवळच्या जमिनीचं.

आता गंमत ऐका. ते पीप नवं नव्हतं. स्पेन देशात शेरी नावाची द्राक्षांची दारू होते, ती आधी त्यात मुरलेली होती. ती काढून घेतली आणि त्याच पिंपात आमच्या बाईसाहेबांना निजवलं. म्हणजे पीप उष्टं. तुमच्या लग्नात कोणी वापरलेलं पातेलं आहेर म्हणून दिलं तर तुम्ही तीन पिढ्या बोलून दाखवाल. पण हेच उष्टेपण माझ्या लेबलावर सोनेरी अक्षरात छापलं होतं, आणि त्याचेच जास्त पैसे मोजले जात होते.

एका कंत्राटदारानं मला दुबईच्या विमानतळावर विकत घेतलं आणि ताडोब्याजवळच्या एका रिसॉर्टवर आणलं. त्याला वाघ पाहायचा होता. दोन दिवस तो जिप्सीतून हिंडला, त्याला मोर दिसले, गवे दिसले, दुसऱ्या जिप्सीतली माणसं दिसली. वाघ दिसला नाही. तो राग त्यानं माझ्यावर काढला. पंधरा वर्षांची ती म्हातारी ग्लासात ओतून त्यानं तिच्यावर कोला ओतला, मूठभर बर्फ टाकला, वर खारे शेंगदाणे खाल्ले आणि ठसका लागलेला असतानाच मित्रांना म्हणाला, किती स्मूथ आहे. तिसऱ्या दिवशी तो मला खोलीतच विसरून निघून गेला. माझ्या पोटात तेव्हा चार बोटं माल उरला होता.

खोली साफ करायला आलेल्या मुलीला मी सापडले. तिचं नाव दिव्यानी. मुखरू आणि शकुबाई यांची ती एकुलती एक लेक. बारावी झालेली, रिसॉर्टवर चादरी बदलण्याच्या कामाला लागून दोन वर्षं झाली होती. तिनं मला उचललं ते थेट मॅनेजरकडे नेऊन दिलं. असली माणसं मी आयुष्यात फार पाहिली नाहीत, म्हणून नोंदवून ठेवते.

मॅनेजरचं नाव प्रफुल. त्याच्या डोक्यात तेव्हा नवीन खूळ होतं. जिल्ह्यात सहा वर्षं दारूबंदी होती, ती उठली, आणि आता रिसॉर्टवर संध्याकाळी पाहुण्यांना व्हिस्कीची चव घेण्याचा कार्यक्रम सुरू करायचा होता. शेकोटी, लहान लहान ग्लास, आणि प्रत्येक ग्लासात काय काय लागतं ते समजावून सांगणारं एक माणूस. इथून पूर्वेला वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो आणि तिथं मी गुन्हा आहे. पुलाच्या अलीकडे मी संस्कृती आहे. एवढा फरक एका नदीनं पडतो.

तर ते समजावून सांगणारं माणूस नेमायचं होतं. कायमची नोकरी, बाराही महिने पगार. चादरीवाल्यांना पावसाळ्यात जंगल बंद झालं की घरी बसवतात. शिवाय दिव्यानीला प्रफुलनं आधीच सांगून ठेवलं होतं की पुढच्या महिन्यापासून चादरीच्या कामाला माणसं कमी करणार. ही जागा मिळाली नाही तर तिच्यापुढं एकच वाट होती, आईबरोबर ट्रकात बसून तेलंगणात मिरची तोडायला जाणं. तिनं ते दोन वर्षं केलेलं होतं. मिरचीनं हात असे पोळतात की भाकर मोडताना डोळ्यांत पाणी येतं, असं ती मैत्रिणीला सांगताना मी ऐकलं.

प्रफुलनं तिला एक छापील कागद दिला आणि मला दिलं. घरी आठ दिवस सुट्टीवर जाते आहेस तर अभ्यास कर म्हणाला, प्यायची गरज नाही, रोज वास घे, आणि कागदावरचं पाठ कर. पुण्याहून साहेब येतील, ते तीन ग्लास पुढं ठेवतील, त्यातला शेरीच्या पिंपातला कोणता ते ओळखायचं. आणि जाता जाता म्हणाला, संपली की रिकामी बाटली आठवणीनं परत आण. रिकाम्या बाटलीवर एवढी माया कशाला, हे तेव्हा तिला कळलं नाही आणि मलाही नाही.

अशी मी तिच्या ओढणीत गुंडाळून, दोन एसटी बदलून, या गावात आले. तिनं मला धानाच्या ढोलीत, म्हणजे मोठ्या कणगीत, लपवलं. लपवण्याचं कारण तिची आई.

शकुबाई म्हणजे तालुक्याच्या दारूबंदी समितीची बाई. बंदी यावी म्हणून पायी जिल्ह्याला गेलेली, आणि बंदी आल्यावर लपूनछपून भट्ट्या लागल्या तेव्हा त्या शोधत रानोमाळ फिरलेली. तिनं युरियाच्या पोत्यात दडवलेले डबे काढले, मासळीच्या टोपल्यांखालचे दारू भरलेले रबरी फुगे काढले, एकदा तर तलावाच्या गाळात पुरलेला हंडा काढला. पोलीस विचारायचे, बाई, कळलं कसं? ती नाकावर बोट ठेवायची. जन्मात थेंब जिभेला लावलेला नाही, पण मोहाची कोणती, गुळाची कोणती, आणि कोणत्या भट्टीवाल्यानं नवसागर जास्त टाकला, हे ती दहा पावलांवरून सांगायची. आणि समितीचा नियम ठरलेला होता. माल सगळ्यांसमोर मातीत ओतायचा, बाटलीची मान मोडायची म्हणजे परत भरता येऊ नये, आणि बूड वर करून वाफ्याभोवती पुरायची. बंदी उठली, समितीच्या बाया घरी बसल्या. वाफा तेवढा राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिव्यानीनं मला उघडून दोनदा हुंगलं, कागद वाचला आणि हताश होऊन बूच लावलं. कागदावर लिहिलं होतं: ख्रिसमस केक, अंजीर, संत्र्याच्या सालीचा मुरंबा, जुनं चामडं, ग्रंथालय. तालुक्याच्या गावात ग्रंथालय होतं, पण तिथं कबुतरांचा वास यायचा. केकचं नाव तिनं ऐकलं होतं, तो वाढदिवसाचा, वर गुलाबी फुलं असलेला. तिला माझा वास येत होता, पण त्याला नाव देता येत नव्हतं, आणि दिलेली नावं तिच्या नाकाच्या ओळखीची नव्हती.

तासाभरानं शकुबाई तलावावरून आली. दारातच थांबली. टोपली खाली ठेवली आणि सरळ ढोलीकडे गेली. धानात कोपरापर्यंत हात घातला आणि मला मानेला धरून बाहेर काढलं. मी पंधरा वर्षांचं खानदान, पण त्या हातात मला माझं लेबल आठवेना.

दिव्यानी रडकुंडीला आली. तिनं सगळं सांगितलं, परीक्षा, कायमची नोकरी, मिरचीचा ट्रक. शकुबाई ऐकत होती आणि तिची नजर कोपऱ्यातल्या वरवंट्याकडे जात होती. मुखरू, तिचा नवरा, ओसरीवर जाळं विणत बसला होता. तो म्हणाला, पोरीनं पेली नाई ना, मग ऐकून तर घे. शकुबाईनं ऐकून घेतलं. मग मान मोडण्याआधी, सवयीनं, पंचनाम्याला लागतं म्हणून तिनं बूच काढून मला नाकाशी धरलं.

आणि ती थांबली. परत हुंगलं. डोळे मिटले. माझ्याकडे आजवर इतक्या लक्षपूर्वक कोणी पाहिलं नव्हतं, आणि ती तर पाहतही नव्हती.

"हे भांडं नवं नोहोय," ती म्हणाली. "ह्या दारूच्या पयले यात दुसरं काही होतं. गोड, आंबूस. फळाचं."

दिव्यानीनं कागद पालथा केला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात शेरीच्या पिंपाची हकीकत होती. ती तिनं मोठ्यानं वाचून दाखवली. मुखरूला त्यात काहीच नवल वाटलं नाही. त्यानं खुंटीवरचा तुंबा दाखवला, वाळक्या भोपळ्याचा, ज्यातून तो तलावावर आंबील नेतो.

"माया तुंब्यात साधं पाणी भर, तरी आंबीलच लागते," तो म्हणाला. "तुह्या साहेबाईनं तेच केलं, लाकडाच्या तुंब्यात."

एवढं बोलून तो परत जाळं विणायला लागला. स्कॉटलंडात याच गोष्टीवर जाड जाड पुस्तकं आहेत.

त्यानंतरचे सहा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. वरवंटा शकुबाईनं दूर ठेवला नव्हता, तो माझ्या शेजारीच असायचा. तिचं म्हणणं साफ होतं. दारूचं काम तिला पसंत नव्हतं, ते तिनं रोज एकदा बोलून दाखवलं. पण पोरीला मिरचीत परत पाठवायचं नव्हतं, आणि परीक्षा द्यायचीच तर ती शकुबाईच्या पोरीनं नापास होऊन द्यायची नव्हती. माणसाचं मन असं दोन बैलांचं असतं, एक इकडे ओढतो, एक तिकडे. गाडी तरी चालते.

शिकवण्याची पद्धत तिचीच. कागद तिनं चुलीत घातला. म्हणाली, "दुसऱ्याच्या नाकानं वास येत नाई. तुले काय येते ते सांग." मग ती घरातल्या, रानातल्या वस्तू आणून लेकीच्या नाकाखाली धरायची आणि मग मला धरायची. वाळवून मडक्यात ठेवलेली टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं. बोरकूट. बिब्याची गोडंबी, चुलीत भाजलेली. पावसात भिजून परत वाळलेलं सागाचं फळकूट. चामड्यासाठी मुखरूची जुनी चप्पल आली, तिला मात्र दिव्यानीनं नाक लावायला नकार दिला. सहाव्या दिवशी शकुबाईनं तिचे डोळे बांधले आणि पाच वाट्या समोर फिरवल्या. चारात इकडचं तिकडचं होतं, एका वाटीत माझे दोन थेंब. दिव्यानीनं मला पहिल्याच फेरीत धरलं.

"टेंभरं," ती म्हणाली, "आणि मांगून गोडंबी. आणि भांडं वापरलेलं."

शकुबाईच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिनं पदरानं पुसून टाकलं. पण मी पाहिलं. तिचं नाक बंदी उठल्यापासून बिनकामाचं झालं होतं, ते आता लेकीच्या चेहऱ्यावर चालताना तिला दिसत होतं.

परीक्षेच्या दिवशी दिव्यानीनं मला पिशवीत घालून बरोबर नेलं. रोज थोडी थोडी वाटीत ओतून हुंगल्यामुळे पोटात आता दोन बोटं माल शिल्लक होता. पुण्याचे साहेब आले होते. गळ्यात रेशमी रुमाल, नाक लालभडक. पहाटेच्या थंडीत उघड्या जिप्सीतून ते वाघ पाहायला गेले होते आणि वाघाऐवजी त्यांना सर्दी मिळाली होती. पण चव-वासातली जाणकार माणसं नाक चोंदलं म्हणून थांबत नाहीत. त्यांनी बारवरच्या बाटल्यांतून भरलेले तीन ग्लास मांडले, प्रत्येक ग्लास उजेडात धरला, गोल फिरवला, आणि दुसऱ्या ग्लासाकडे प्रेमानं पाहून समोरच्या आठ-दहा पाहुण्यांना म्हणाले, अंजीर, केक, जुनं ग्रंथालय. पाहुण्यांनी माना डोलावल्या. एका बाईंना तर ग्रंथालय अगदी स्पष्ट आलं.

म्हणजे उत्तर साहेबांनी स्वतःच फोडून ठेवलं होतं. दिव्यानीला आता फक्त दुसरा ग्लास उचलायचा होता. तिनं पहिला हुंगला. दुसरा हुंगला. तिसरा. परत दुसरा. मी पिशवीत होते आणि मला कळत नव्हतं की परत दुसरा कशाला.

"सर, यातला कोणताच नाही," ती म्हणाली. "दुसऱ्यात नुसती दारू आहे आणि जळालेली साखर. भांड्याचा वास नाही."

साहेब हसले. पाहुणे हसले. साहेबांनी विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? आईनं, ती म्हणाली. त्या कुठं शिकल्या? "दारूबंदी समितीत," दिव्यानी म्हणाली, आणि आता सगळे पोट धरून हसले. मग तिनं मला पिशवीतून काढलं, माझं बूच उघडलं आणि दुसऱ्या ग्लासाशेजारी ठेवलं. तो ग्लास बारच्या ज्या बाटलीतून भरला होता तिच्यावर आणि माझ्या अंगावर लेबल एकच होतं. साहेबांनी दोन्हीकडे आपलं लाल नाक नेलं आणि एक सणसणीत शिंक दिली. परीक्षा तिथंच संपली. पण साहेब तसे धूर्त होते. निघताना त्यांनी बारच्या त्या बाटलीतला थोडा माल एका चिमुकल्या कुपीत भरून खिशात टाकला.

प्रफुलनं दिव्यानीला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं आता ती गेली. पण तो तिच्यावर रागावलाच नाही, उलट चहा मागवला. म्हणाला, तुझं नाक मानलं. जागा तुझीच. पहिल्या तारखेपासून ये.

"फकत एक ध्यानात ठेव," तो म्हणाला. "दोन नंबरच्या गिलासात तेच आहे, जे कागदावर लिवलं आहे. पावन्याले तरी कुठी समजते? आन ते रिकामी झाली का आणून दे. तशा बाटल्या आपल्याले लागतात."

तेव्हा मला माझं पुढचं आयुष्य दिसलं. गेल्या महिन्यात माझ्यासारखीच कोणी तरी रिकामी झाली असेल, आणि तिच्या पोटात कसली तरी स्वस्त दारू आणि जळकी साखर भरून तिला बारवर उभं केलं असेल. सोनेरी लेबल तसंच. कोलावाल्या कंत्राटदाराबद्दल माझ्या मनात पहिल्यांदाच थोडी माया आली. त्यानं मला निदान खरी समजून तरी नासवली होती.

दिव्यानीनं एक दिवस मागून घेतला आणि घरी आली. तिनं आईला सगळं सांगितलं. पगाराचा आकडा सांगितला, प्रफुलची अट सांगितली. आणि विचारलं, काय करू?

मला वाटलं शकुबाई एका शब्दात मोकळी होईल. तिला कुठं दारूचं काम आवडत होतं? पण ती बराच वेळ सांबाराच्या वाफ्यातलं तण उपटत राहिली. मिरचीचा ट्रक आठ दिवसांनी येणार होता, ते तिघांनाही ठाऊक होतं.

"खरी दारू पाजत असती तर मी तुयाशी भांडली असती, पण जाऊ देली असती," ती शेवटी म्हणाली. "काई झालं तरी काम होय. पण मी तुले नाक देल्लं. ते खोटं बोलाले नाई देल्लं. आता तुहं तू पाय."

दिव्यानीनं रात्रभर काय विचार केला ते मला माहीत नाही. सकाळी तिनं फोन लावला आणि प्रफुलला सांगितलं की बाटली खरी ठेवत असाल तर येते. प्रफुल म्हणाला, मग राहू दे. ती जागा आता त्याच्या मेव्हण्याला मिळाली आहे. त्याला वास येत नाही, पण केक हा शब्द तो फार गोड म्हणतो.

ट्रक यायच्या आदल्या दिवशी शकुबाईनं मला वाफ्यापाशी आणलं. दिव्यानी आणि मुखरू उभे होते, म्हणजे सगळ्यांसमोर ओतण्याचा नियम पाळला गेला. पोटात दोन बोटं माल तसाच होता. वरवंटा तयार होता. बाईनं बूच काढलं आणि ओतण्याआधी मला एकदा नाकाशी नेलं. आता पंचनामा नव्हता, समिती नव्हती, परीक्षा नव्हती. तरी ती हुंगत राहिली.

"चांगली होती वो," ती म्हणाली, लेकीला की मला ते कळलं नाही. आणि सगळी मातीत ओतली.

आता दोघी मिरचीत आहेत. मुखरू रोज सकाळी वाफ्याला तांब्याभर पाणी घालतो. परवा त्याच्या फोनवर त्या पुण्याच्या साहेबांचा आवाज आला. सर्दी उतरली होती आणि कुपी त्यांनी उघडून पाहिली होती. ते मुलीची चौकशी करत होते, आणि मग तिच्या आईचीही. मुखरू म्हणाला, दोघी मिरचीले गेल्या, होळीले येतीन, तवा करा फोन. साहेब करतो म्हणाले. करतील की नाही, कोण जाणे. शेजारचा पव्वा म्हणतो की साहेब लोक होळीपर्यंत विसरतात. मी त्याच्याशी वाद घालत नाही, त्यानं दुनिया जास्त पाहिली आहे.

माझं मागणं लहान आहे. कधी तुमच्या हातात माझ्यासारखीचा ग्लास आला आणि कोणी म्हणालं की यात ग्रंथालय आहे, तर मान डोलवण्याआधी एकदा आपल्या नाकाला विचारा. नाही आलं तर नाही म्हणा. एका मुलीनं तसं म्हटलं होतं, आणि आज तिचे हात पोळताहेत.

माझं म्हणाल तर मी बरी आहे. माझ्या आयुष्यात मला खरं ओळखणारी एकच बाई भेटली, आणि तिनं माझी मान मोडली. त्यामुळे माझ्यात आता कोणी खोटं भरू शकत नाही. होळीला शकुबाई येईल, तोवर सांबार वीतभर वाढला असेल. तो खुडून ती नाकाशी नेईलच, तिची सवय आहे. त्यात कुठं टेंभराचा वास येतो का, ते तीच सांगेल.